बिडाचं दीपगृह दीडशे वर्षांनी का तडकतं, आणि वेल्डिंग करून का भागत नाही

प्रश्न असा होता की हॉलंडच्या उत्तर टोकाला डेन हेल्डरजवळ 'लांगे याप' नावाचं जे उंच लाल दीपगृह आहे त्याला तडे गेलेत असं वाचलं, तर इतकी वर्षं टिकलेलं लोखंड आत्ताच कसं तडकलं, सरळ वेल्डिंग का करत नाहीत, आणि मुळात आपल्या प्राँग्स रीफसारखं दगडाचं का नाही बांधलं. तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत म्हणून एकत्रच उत्तर देतो. माझं काम जुन्या बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या वस्तू तपासायचं, पूल, खांब, पंपहाऊसचे सांगाडे, समुद्राकाठचे टॉवर. सुरुवात कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून झाली आणि गेली बरीच वर्षं नेदरलँड्समध्येच आहे, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लागेल.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. लांगे याप म्हणजे लंबू याप, याप हे तिकडचं अगदी घरगुती नाव. बांधलं १८७७-७८ मध्ये, उंची साधारण ६३ मीटर, सोळा बाजूंचं, आणि पूर्ण बिडाचं. डिझाइन क्विरिनुस हार्डर यांचं. हे गृहस्थ तिकडच्या सरकारी पायलट खात्याचे, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या खात्याचे बांधकामवाले होते आणि डच किनाऱ्यावर आज जी बिडाची दीपगृहं दिसतात त्यातली बहुतेक महत्त्वाची त्यांच्याच हातची. ब्रेस्केन्सजवळचं काळं-पांढरं १८६७ चं, ते देशातलं उभं असलेलं सगळ्यात जुनं बिडाचं दीपगृह, मग स्खेवेनिंगनचं १८७५, आयमाउडनची जोडी १८७८, आणि आमलांड बेटावरचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं १८८० चं. त्याच वर्षी हार्डर वारले. म्हणजे पंधरा वर्षांच्या आत एका माणसाने अख्ख्या किनाऱ्याचा चेहरा ठरवून टाकला, आणि हे मला आजही थक्क करतं.

लांगे याप नेमकं तिथेच का, तर समोर मार्सडीप नावाची खाडी आहे, डेन हेल्डर आणि टेसल बेट यांच्यामधली. नौदलाचा मुख्य तळ तिथेच, पूर्वी ॲमस्टरडॅमची जहाजंही याच वाटेने आत यायची. आणि तोंडाशीच वाळूचे बांध आहेत जे जागा बदलत राहतात, नोर्डरहाक्स त्यातला सगळ्यात मोठा. रात्री दर २० सेकंदांत चार झपकारे दिसले की खलाशाला कळायचं हे डेन हेल्डर. आमलांडचे १५ सेकंदांत तीन, स्खेवेनिंगनचे १० सेकंदांत दोन, असा प्रत्येकाचा हिशोब ठरलेला.

आता दगड का नाही. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर दगडच नाहीये. आपल्याकडे कुलाब्याचं प्राँग्स रीफ दीपगृह १८७५ चं, म्हणजे स्खेवेनिंगनच्याच वर्षीचं, पण आपल्याकडे दगड हवा तेवढा आणि पाया खडकावर. तिकडे आहे वाळूची टेकडी. विटा भरपूर आहेत, विटांची दीपगृहंही आहेत तिकडे, चांगली आहेत, पण विटांनी साठ मीटर चढायचं तर खालच्या भिंती प्रचंड जाड होतात आणि ते सगळं वजन वाळूवर येतं. बिडाचा टॉवर आतून पोकळ, भिंत म्हणजे एक प्लेट, त्यामुळे त्याच उंचीला वजन खूप कमी. शिवाय फाउंड्रीत वर्षभर प्लेटा ओतायच्या, पाऊस असो वारा असो, आणि जागेवर नेऊन फक्त बोल्ट मारायचे. म्हणूनच ही पद्धत वसाहतींतही गेली. जावामध्ये आन्येरला १८८३ च्या क्राकाताऊ ज्वालामुखीच्या स्फोटानंतरच्या लाटेत जुनं दीपगृह गेलं, तर १८८५ मध्ये तिथे लोखंडी टॉवर उभा केला, तो आजही आहे. मदुरा बेटावर सेम्बिलांगानचा १८७९ चा. सुटे भाग जहाजातून न्यायचे आणि जागेवर जोडायचे.

हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीय, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बिडाचं दीपगृह ही इमारत नाहीये, ती जोडणी आहे. शेकडो प्लेटा, प्रत्येकीला चारी बाजूंनी फ्लँज म्हणजे आतल्या बाजूला वळलेली कड, फ्लँजला फ्लँज लावून बोल्ट. टॉवर टिकतो तो जोडांवर आणि मरतो तोही जोडांवर. प्लेट सहसा मरत नाही. फ्लीलांड बेटावर जाऊन बघा, तिथल्या वाळूच्या टेकडीवरचं छोटं लाल दीपगृह म्हणजे आयमाउडनच्या दोन टॉवरपैकी बुटक्याचा वरचा भाग आहे. १९०९ मध्ये वरचे मजले उतरवले, जहाजात घातले आणि बेटावर पुन्हा जोडले, खालचा भाग आयमाउडनलाच राहिला. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लोकांनी हे बिनबोभाट केलं कारण त्यांना माहीत होतं की वस्तू सुटी होण्यासाठीच बनवलीय.

आता तडा का गेला त्याकडे येतो.

बीड म्हणजे काय तर तीन-चार टक्के कार्बन असलेलं लोखंड, साध्या स्टीलमध्ये तो ०.२ टक्क्याच्या आसपास असतो. हा जादा कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूच्या आत पसरलेला असतो. दाबलं तर काही बिघडत नाही, ओढलं तर प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच तयार असलेली चीर. म्हणून त्या काळचं बीड ताणात साधारण १०० ते १५० मेगापास्कलपर्यंत टिकतं आणि दाबात त्याच्या चार-पाच पट सहज. आणि स्टीलसारखं आधी वाकून इशारा देत नाही. घरचा बिडाचा तवा पडला की वाकत नाही, दोन तुकडे होतात, तेच इथे.

हार्डरसारख्या लोकांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून टॉवर खाली रुंद वर निमुळता, म्हणजे स्वतःच्या वजनाने प्लेटा कायम दाबात राहतात. वारा जोरात आला की वाऱ्याकडच्या बाजूला ताण येतो, पण तो आधी वजनाचा दाब कमी करण्यातच खर्च होतो, आणि उरलाच तर बोल्ट घेतात. डिझाइनमध्ये चूक नाहीये. हे मुद्दाम सांगतो कारण तडे गेले म्हटलं की लोक लगेच जुन्या माणसांचं गणित चुकलं म्हणतात.

गडबड करतो तो जोडातला गंज. दोन फ्लँजच्या मधल्या फटीत पूर्वी भरण असायचं, कुठे लोखंडाचा कीस आणि नवसागर मिसळून केलेली लुकण जी गंजूनच घट्ट बसते, कुठे शेंदूर आणि जवसाच्या तेलाची पुट्टी, कुठे शिसं. ते भरण काही दशकांनी सुकतं, आक्रसतं, आणि केसाएवढी फट पडते. समुद्राकडचा पाऊस खारा, तो फटीतून आत ओढला जातो आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. शिवाय टॉवर रोज थोडा हलतो, साठ मीटर बीड ४० अंशांच्या फरकाला अडीच सेंटीमीटर लांब-आखूड होतं, त्यात एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत, गडद लाल रंग असेल तर ऊन आणखी शोषतो. म्हणजे फट रोज उघडझाप करते आणि पाणी पंप केल्यासारखं आत जातं. मग आत गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. ती जागा त्याला मिळत नाही तर तो फ्लँज एकमेकांपासून ढकलतो. बोल्ट धरून ठेवतात, मधे गंज रेटतो, आणि फ्लँज जिथे प्लेटला मिळते त्या कोपऱ्यात सगळा ताण येतो. आणि ताण हेच बिडाचं वर्मस्थान. तिथून चीर सुटते आणि प्लेटमध्ये शिरते.

ही प्रक्रिया हळू असते, पण शेवट हळू नसतो. शंभर वर्षं दाब साठत राहतो, काही दिसत नाही, आणि एका कडाक्याच्या थंडीत किंवा वादळात तो हद्द ओलांडतो. शेजारची प्लेटही त्याच वयाची, तिच्यातही तेवढाच गंज, म्हणून एक चीर सापडली की नीट शोधल्यावर अनेक सापडतात. लांगे यापचं तेच झालं, २०२२ च्या सुरुवातीला तड्यांची बातमी आली आणि कोसळण्याचा धोका धरून आजूबाजूचा परिसर बंद करावा लागला. काही लोकांना तो निर्णय अतिरेकी वाटला. मला तो बरोबरच वाटतो. बीड इशारा देत नाही, तर मग सुरक्षित अंतर हाच एक इशारा आपल्या हातात उरतो.

दुसरा एक आजार आहे जो कमी लोकांना माहीत असतो. खाऱ्या हवेत बिडातलं लोखंड हळूहळू विरघळून जातं आणि मागे ग्राफाइटचा सांगाडा राहतो, गंजाच्या थोड्या चुऱ्यासकट. आकार तोच, रंगाखाली कोपरे-कडा सगळं जसंच्या तसं, पण खिशातला चाकू टोचला तर आत जातो. डोळ्यांनी बघून पास केलेला भाग असा निघालेला मी अनेकदा पाहिलाय. म्हणून आम्ही आधी हातोडीने ठोकतो. चांगलं बीड थोडं का होईना वाजतं, गेलेलं बीड आणि चिरलेलं बीड बद्द आवाज करतं. मग रंग काढून चीर शोधायचं पेनिट्रंट म्हणजे चिरेत झिरपणारा द्रव, नाहीतर चिरेवर गोळा होणारी मॅग्नेटिक पावडर. अल्ट्रासॉनिकवर, म्हणजे ध्वनिलहरींच्या तपासणीवर, फार भिस्त ठेवू नका, ग्राफाइटचे पापुद्रे आवाज विखरून टाकतात आणि स्क्रीनवर जे दिसतं त्याचा अर्थ लावणं या धातूत फार अवघड. जाडी मोजायला ठीक, बारीक चीर शोधायला नाही.

आता वेल्डिंग. हा प्रश्न प्रत्येक साइटवर येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा चांगला फॅब्रिकेटर असतो, त्याला स्टीलची सवय. बिडावर आर्क मारला की वितळलेल्या जागेच्या बाजूचा पट्टा पटकन थंड होतो, कार्बन जास्त असल्यामुळे तिथे काचेसारखा कडक थर तयार होतो, आणि वेल्ड आक्रसतो तेव्हा तो थर शेजारीच फुटतो. आवाजही येतो, टिक टिक करत. हे टाळायचं तर अख्खा तुकडा ५००-६०० अंशांपर्यंत तापवून, वेल्ड करून, राखेत किंवा भट्टीत तास-तास हळू थंड करावा लागतो. इंजिनच्या ब्लॉकला हे जमतं. वाऱ्यात पन्नास मीटरवर, चारही बाजूंनी बोल्टने जखडलेल्या प्लेटला हे कसं करणार? जखडलेल्या प्लेटचा एक भाग तापवला की तो फुगायला जातो, शेजारी अडवतात, आणि तुम्ही नवा ताण स्वतःच्या हाताने घालून देता. निकेलचा रॉड वापरून थंड वेल्डिंग करता येतं, छोट्या, भार नसलेल्या तुकड्यावर मी ते चालवून घेतो, भार घेणाऱ्या प्लेटवर कधीच नाही. एका टॉवरवर कोणीतरी दिव्याच्या केबलसाठी साधी क्लिप वेल्ड केली होती, पाच रुपयांची वस्तू, आणि त्या क्लिपपासून हातभर लांब चीर निघालेली.

त्याऐवजी चिरेसाठी खरी पद्धत आहे मेटल स्टिचिंग. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक मारून तिला थांबवायचं, चिरेला आडवे खाचे पाडून त्यात निकेल मिश्रधातूच्या कड्या ठोकून बसवायच्या आणि चिरेच्या लांबीवर आटे पाडून एकात एक जाणारे स्टड घालायचे. उष्णता शून्य. जहाजांच्या मोठ्या इंजिनांवर ही पद्धत जगभर चालते, मुंबईच्या गोदीतल्या लोकांनाही ती अनोळखी नाही. पण एक अट आहे, आधी चिरेचं कारण काढा. जोडात गंज तसाच ठेवून चीर शिवली तर तो बाजूच्या जागेतून फोडेल.

आणि जोडातला गंज काढायचा तर जोड उघडावा लागतो. इथे लोक घाबरतात. मग काय करतात, तर बाहेरून सगळ्या फटी सिलिकॉनने नाहीतर इपॉक्सीने बुजवून वर जाड रंग मारतात. दोन वर्षं मस्त दिसतं. पण आत गेलेलं पाणी आतच कोंडतं, टॉवरच्या आतली दमट हवा थंड प्लेटवर घाम धरते तो घामही आतल्या आडव्या फ्लँजवर साचून जोडात उतरतो, आणि काम आणखी जोरात चालू होतं. माझा नियम साधा आहे, पाणी आत येऊ नये हे बघा पण त्याआधी आत आलेलं पाणी बाहेर जाईल हे बघा. फ्लँजच्या वरच्या अंगाला उतार देऊन भरा, खालची कड मोकळी सोडा, आणि टॉवरच्या खिडक्या नि झरोके कायमचे बंद करू नका. दीपगृहात राखणदार होते तोवर कोणीतरी रोज पुसायचं, उघडायचं, तेल-रंग लावायचं. दिवे ऑटोमॅटिक झाले, माणसं गेली, आणि आतली हवा हलायची थांबली. माझ्या मते या टॉवरच्या तब्येतीत सगळ्यात मोठा फरक पडला तो तिथे.

मग लांगे यापसारख्या उंच टॉवरचं काय करावं? मला विचाराल तर खोलावा. मजल्यागणिक, प्लेटगणिक, खाली आणावा, जमिनीवर शेडमध्ये प्रत्येक प्लेट साफ करून तपासावी, चांगली ती चांगली, शिवता येण्यासारखी शिवावी, गेलेली नवी ओतावी, आणि नव्या भरणाने, नव्या बोल्टने परत उभा करावा. उभ्या टॉवरला बाहेरून पट्टे, तार, टेकू देऊन वेळ काढता येतो, वादळाचे दोन-चार हिवाळे निघतात, पण जोडात हात जात नाही. खर्च प्रचंड आहे हे मान्य. पण ज्याने बनवलं त्याने ते खोलायसाठीच बनवलं होतं, आपण काही वेगळं धाडस करत नाहीये.

खोलताना काय बघायचं ते थोडं सांगतो कारण हे कुठे लिहिलेलं फार सापडत नाही. प्लेटा दिसायला एकसारख्या असल्या तरी भोकं त्या काळी शेजारणीला जुळवून मारलेली असतात, म्हणून काढायच्या आधी प्रत्येकीवर नंबर पंच करा, नुसता रंगाने लिहिलेला नंबर साफसफाईत जातो. अडकलेले बोल्ट गॅसने तापवू नका, कापा किंवा ड्रिल करून काढा. जोड उघडताना एका कोपऱ्यात पाचर ठोकली की कोपरा हातात येतो, चार-सहा ठिकाणी एकदम सारखा दाब द्यायचा, छोटे हायड्रॉलिक जॅक त्यासाठीच असतात. परत जोडताना आजकालचे हाय टेन्साइल बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळायचा मोह होतो, तो टाळा, बोल्ट टिकेल आणि फ्लँज फुटेल. जुना रंग काढताना मास्क आणि बंदिस्त तंबू हवाच, खालच्या थरात शिसं असणार हे धरूनच चाला.

नवी प्लेट ओतायची तर जुनीच प्लेट पॅटर्न म्हणून, म्हणजे साच्याचा ठसा उठवायचा नमुना म्हणून, वाळूत दाबू नका. बीड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणजे मीटरभर प्लेट सेंटीमीटरभर कमी येणार आणि एकही भोक जुळणार नाही. पॅटर्न नवी, मोठी करून बनवावी लागते. आणि धातू कोणता? इथे माझं माझ्या इथल्या काही सहकाऱ्यांशी पटत नाही. त्यांचं म्हणणं जुनं बीड म्हणजे बीडच हवं, वारसा आहे. मी म्हणतो ज्या प्लेटा खालच्या भागात भार घेतात आणि ज्या गेल्याच आहेत, त्या एसजी आयर्नमध्ये ओता. त्यात ग्राफाइट पापुद्र्याऐवजी गोळ्यांच्या रूपात असतं, ताणाची ताकद तिप्पट-चौपट, आणि फुटायच्या आधी ताणतं. पृष्ठभाग तसाच दिसतो, गंजायची तऱ्हाही जवळपास तशीच. आपल्या कोल्हापूर पट्ट्यात हे रोज टनावारी ओतलं जातं, त्यात काही अप्रूप नाही. फक्त मागच्या बाजूला नव्या ओतकामाचं वर्ष कोरा, म्हणजे शंभर वर्षांनी तपासणाऱ्याला कळेल काय जुनं काय नवं.

तिकडे कोणी जाणार असेल तर आमलांडच्या टॉवरवर चढता येतं, २३६ पायऱ्या आहेत. वर समुद्र बघायची घाई करू नका. जाताना प्रत्येक मजल्यावर थांबा आणि भिंतीच्या आतल्या बाजूच्या फ्लँज बघा, बोल्टच्या रांगा, दोन फ्लँजमधली रेघ सरळ आहे की कुठे पोटासारखी फुगलीय, रेघेखाली तपकिरी ओघळ आहेत का. फुगलेली रेघ दिसली तर त्याच फ्लँजच्या कोपऱ्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, समोरून नाही, तिरक्या उजेडात रंगातली केसाएवढी चीरसुद्धा दिसते. दिसली तर फोटो काढून मजला नि खिडकीची दिशा लिहून खाली काउंटरला द्या.